‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ : कोठडीतल्या माणसाचे हक्क आले कुठून

तालुक्याच्या कोर्टात दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला रिमांडची कामं निघतात. दोन पोलीस एका पोराला घेऊन आत येतात. पायात रबरी चपला, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. कमरेचा पट्टा ठाण्यातच काढून घेतलेला असतो, त्यामुळे एका हाताने तो पँट सावरून धरतो. न्यायाधीश कागद चाळतात, नाव विचारतात आणि मान वर करून म्हणतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" पोरगा आधी शेजारच्या हवालदाराकडे बघतो, मग न्यायाधीशांकडे. "नाही साहेब." तेवढं टाइप होतं. दीड मिनिटात पुढचं प्रकरण.

पंधरा-सोळा वर्षांच्या वकिलीत हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला. मागे बाकावर बसलेल्या घरच्यांना तो नुसता उपचार वाटतो, आणि बऱ्याचदा त्याचा उपचारच होतो हेही खरं. पण हा प्रश्न न्यायाधीश स्वतःच्या मनाने विचारत नाहीत. १९८३ सालच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तो विचारणं त्यांच्यावर बंधनकारक केलं आहे, आणि तो निकाल मुंबईतल्या एका पत्रकार बाईंच्या पत्रातून आला.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा कोठडीत मृत्यू झाला. तेव्हापासून लोक मला दोन प्रश्न हमखास विचारतात. कैद्याला हक्क असतात का? आणि असले तर ते मिळत का नाहीत? दोन्हींची उत्तरं निकालांमध्येच आहेत, आणि त्यातले बरेच निकाल आपल्या महाराष्ट्राशी जोडलेले आहेत.

आधी दोन-चार शब्द

पोलिसांनी अटक केली की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत माणसाला न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं. हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच लिहिलेलं आहे. न्यायाधीश त्याला पुढे कुठे ठेवायचं ते ठरवतात, त्याला रिमांड म्हणतात. पोलिसांच्या ताब्यात दिलं तर कोर्टाच्या आवारातल्या भाषेत ‘पीसीआर’, तुरुंगात पाठवलं तर ‘एमसीआर’. खटला संपेपर्यंत आत असलेला माणूस हा न्यायाधीन बंदी, म्हणजे आपण ज्याला कच्चा कैदी म्हणतो तो. त्याच्यावर आरोप आहे, गुन्हा शाबीत झालेला नाही.

आणखी एक शब्द लागेल, रिट याचिका. सरकारने किंवा सरकारी माणसाने तुमचा मूलभूत हक्क मोडला तर थेट हायकोर्टात (कलम २२६) किंवा सुप्रीम कोर्टात (कलम ३२) जाता येतं. खाली येणारे बहुतेक निकाल याच वाटेने झाले.

अणूवरचं पुस्तक आर्थर रोडमध्ये अडकलं तेव्हा

कैद्याच्या हक्कांची सगळी मेख मला एका जुन्या मराठी प्रकरणात दिसते, म्हणून तिथे जरा थांबते.

साठच्या दशकात कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केलं होतं. आत बसून, सरकारच्या परवानगीनेच, त्यांनी मराठीत एक पुस्तक लिहिलं, ‘अणूच्या अंतरंगात’. विषय निव्वळ विज्ञानाचा. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या, असा अर्ज त्यांनी केला. मार्च १९६४ मध्ये सरकारने तो फेटाळला. मग त्यांनी आर्थर रोडच्या अधीक्षकांना विचारलं, तिथेही नकार. संझगिरी हायकोर्टात गेले आणि जिंकले. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं.

सरकारचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. स्थानबद्धांच्या नियमावलीत त्यांना काय काय मिळेल याची यादी आहे, त्या यादीत ‘पुस्तक प्रसिद्ध करता येईल’ असं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणजे तो हक्क नाही. १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा युक्तिवाद उलटा केला. न्यायमूर्ती सुब्बाराव यांच्या निकालाचा आशय असा : सरकारचं म्हणणं मानलं तर जेवण देण्याची अट नियमात नसेल तेव्हा स्थानबद्धाला उपाशी मारायचीही मुभा मिळेल. नियमावली म्हणजे बक्षिसांची यादी नव्हे, ती बंधनांची यादी आहे. जे बंधन त्यात नाही, तेवढं स्वातंत्र्य माणसाकडे शिल्लक आहे.

घर बँकेकडे गहाण पडलं की बँकेचा हक्क करारात लिहिला असेल तेवढाच. हप्ता थकला म्हणून बँकेचा माणूस स्वयंपाकघरात शिरून भांडी उचलू शकत नाही, आणि ‘भांडी तुमच्याकडेच राहतील असं करारात कुठे लिहिलंय?’ असं विचारूही शकत नाही. कैदेचंही तसंच. हिंडण्या-फिरण्याचं स्वातंत्र्य जातं, त्याच्याबरोबर अपरिहार्यपणे जे जाईल ते जातं. अंगावर हात न उगारला जाण्याचा, वकिलाला भेटण्याचा, आजारी पडल्यावर औषध मिळण्याचा हक्क माणसाकडेच राहतो. पुढचे सगळे निकाल या एका विचारावर उभे आहेत असं मला वाटतं, मग त्यात संझगिरींचं नाव येवो न येवो.

पोस्टाने गेलेल्या याचिका

पण हक्क असला तरी आत बसलेला माणूस तो मागणार कसा? वकिलाची फी, वकीलपत्र, नकला, स्टॅम्प. अपील करायचं तर आधी निकालाची प्रत हवी. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) हे प्रकरण नेमकं इथे अडलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल १९७३ चा, आरोपी सुप्रीम कोर्टात पोचला चार वर्षांहून जास्त उशिराने. निकालाची प्रत तुरुंगापर्यंत गेली होती, ती कैद्याच्या हातात दिल्याची पोच मात्र कुणाकडे नव्हती. त्या माणसाची याचिका गुणदोषांवर फेटाळली गेली. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नियम घालून दिला की कैद्याला निकालाची प्रत तातडीने आणि फुकट मिळाली पाहिजे, त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि वकील करायची ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे. आज तुरुंगात निकालाची प्रत मिळाल्याची सही घेतात ती यामुळे.

पुढच्याच वर्षी तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा नावाच्या कैद्याने सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायमूर्तींना साधं पत्र लिहिलं. स्वतःसाठी नव्हे, एका वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा काठीने अमानुष छळ केला म्हणून. कोर्टाने ते पत्रच याचिका मानलं. तिथून पत्रांची वाट खुली झाली.

सुरुवातीला ज्या पत्रकार बाईंचा उल्लेख केला, त्या शीला बर्से यांचं पत्र त्याच वाटेने गेलं. त्यांनी मुंबईच्या तुरुंगात १५ बायकांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. कोर्टाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल दिला. बायकांसाठी चांगल्या वस्तीत वेगळ्या कोठड्या, पहाऱ्याला महिला पोलीस. चौकशी महिला पोलिसांच्या हजेरीतच. अटकेची खबर नातेवाइकांना आणि जवळच्या कायदेविषयक मदत समितीला लगेच. आणि न्यायाधीशाने समोर आणलेल्या माणसाला विचारायचं, कोठडीत छळ झाला का, मारहाण झाली का?

त्या निर्देशाचं दुसरं वाक्य कोर्टांमध्ये फार कमी वेळा ऐकू येतं. तुला डॉक्टरी तपासणी मागण्याचा हक्क आहे, हेही न्यायाधीशाने त्याला सांगायचं आहे.

भरपाईचं गाडं कुठे अडलं होतं

एसटीची धडक बसली तर महामंडळाकडून भरपाई मागता येते, हे आपल्याला सवयीचं आहे. ड्रायव्हर नोकरीवर होता, म्हणून मालक जबाबदार. सरकारी जीपच्या अपघातात सरकार जबाबदार धरलं गेल्याचा निकालही १९६२ चा आहे. मग पोलिसांच्या हातून झालेल्या नुकसानीची भरपाई का मिळू नये?

१९४७ च्या सप्टेंबरात अमृतसरचा एक सराफ मेरठला सोनं-चांदी विकायला गेला. पोलिसांनी संशयावरून धरलं, माल जप्त केला. त्याला सोडलं, चांदी परत दिली. शंभर तोळ्यांहून जास्त सोनं मात्र मालखान्यातून एका हेड कॉन्स्टेबलने लांबवलं आणि तो पाकिस्तानात निघून गेला. सराफाने सरकारवर दावा लावला. कस्तुरीलाल प्रकरणात १९६४ मध्ये तो हरला. अटक आणि जप्ती ही राज्याची सार्वभौम कामं, म्हणजे फक्त राज्यसत्ताच करू शकते अशी कामं आहेत, त्यातल्या चुकीसाठी राज्यावर दावा चालणार नाही, असं कोर्ट म्हणालं. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर आपल्या साताऱ्याचे. ही अवस्था समाधानकारक नाही, कायदेमंडळाने कायदा करावा, असं त्यांनी त्याच निकालात नोंदवलं. तो सर्वंकष कायदा संसदेने आजपर्यंत केलेला नाही.

कायदा आला नाही, तेव्हा कोर्टानेच दुसरी वाट काढली. बिहारमधला रुदल साह जून १९६८ मध्ये निर्दोष सुटला. तुरुंगाच्या बाहेर आला ऑक्टोबर १९८२ मध्ये. निर्दोष ठरल्यानंतर चौदा वर्षं आत. तो वेडा होता म्हणून ठेवला, असं सरकार म्हणालं, त्याला आधार देणारा धड कागद दाखवता आला नाही. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासमोर प्रश्न होता की आता त्याला सोडलेलंच आहे, मग याचिकेत उरलं काय? त्यांच्या खंडपीठाने म्हटलं की मूलभूत हक्क मोडला गेला आणि कोर्टाने नुसतं ‘सोडा’ म्हणून हात झटकले तर तो हक्क पोकळ ठरेल. ३०,००० रुपये द्यायला सांगितले, आधी दिलेल्या ५,००० च्या वर. चौदा वर्षांची ही किंमत वाचताना आजही पोटात तुटतं. पण रिट याचिकेत भरपाई मिळू शकते हे तिथे ठरलं, आणि दिवाणी दाव्याची वाटही त्याला मोकळी ठेवली.

कस्तुरीलालचा अडथळा पुरता दूर केला ओडिशातल्या एका आईच्या पत्राने. नीलावती बेहेरा यांच्या २२ वर्षांच्या मुलाला डिसेंबर १९८७ मध्ये पोलिसांनी चौकीत नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळावर सापडला. पोलीस म्हणाले, बांधलेला दोर दातांनी कुरतडून पहाटे पळाला आणि गाडीखाली आला. जिल्हा न्यायाधीशांची चौकशी आणि अंगावरच्या जखमांचा वैद्यकीय पुरावा पाहून कोर्टाने ही कहाणी नाकारली. १९९३ मध्ये दीड लाखाची भरपाई देताना न्यायमूर्ती वर्मा यांनी भेद स्पष्ट केला. दिवाणी दाव्यात सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येत असेल, मूलभूत हक्काच्या याचिकेत ती चालत नाही.

अटक का केली, ते कागदावर

१९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेची कागदपत्रं आखून दिली. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, तारीख-वेळ घातलेला अटकेचा मेमो, त्यावर घरच्याची किंवा वस्तीतल्या जाणत्या माणसाची साक्ष, दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. ठाण्याच्या भिंतीवरचा ‘अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क’ हा फलक, जो कपाटामागे अर्धा झाकलेला मी पाहिला आहे, तो इथून आला.

अलीकडचा वाद अटकेच्या कारणांचा. ‘अमुक कलमाखाली अटक’ एवढं सांगणं म्हणजे कारण सांगणं नव्हे. वीज तोडायला आलेल्या माणसाने ‘नियमाप्रमाणे’ म्हटलं तर आपण विचारतो, कोणतं बिल, किती थकलं? ते कळल्याशिवाय पावती शोधून दाखवणार कशी? आरोपीचंही तसंच. त्याने नेमकं काय केलं असा संशय आहे हे कळलं, तरच वकील जामिनासाठी काही बोलू शकेल. मनी लाँडरिंगच्या प्रकरणांत २०२३ मध्ये आणि यूएपीएच्या, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, प्रकरणांत २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही कारणं लेखीच द्यायला सांगितली. वरळीच्या २०२४ मधल्या गाडीच्या धडकेच्या प्रकरणातून ६ नोव्हेंबर २०२५ ला आलेल्या निकालाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, तो नियम सगळ्या गुन्ह्यांना लावला. कारणं लेखी, माणसाला कळणाऱ्या भाषेत. जागेवर लिहून देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी उभं करण्याआधी निदान दोन तास कागद हातात पडला पाहिजे. नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. गडचिरोलीच्या माडिया बोलणाऱ्या माणसाला किंवा ठाण्यात काम शोधत आलेल्या बंगाली मजुराला मराठीतला छापील नमुना देऊन भागणार नाही.

पण गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला?

हा प्रश्न रागाने येतो, आणि ज्याच्या घरात गुन्हा घडला त्याचा राग मी समजू शकते. पण आत आहे कोण? ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन. दर चारांतले तीन जण अजून दोषी ठरलेले नाहीत. शिक्षा झालेल्यांचंही बघा. कोर्टाने ‘सात वर्षं कैद’ लिहिलं, ‘सात वर्षं कैद आणि मारहाण’ लिहिलेलं नाही. वॉर्डर काठी उगारतो तेव्हा तो न्यायाधीशाने न दिलेली शिक्षा देत असतो.

मग एका कागदापायी आरोपी सुटायचा का?

अटक बेकायदा ठरली म्हणजे खटला संपला असं होत नाही. तपास चालू राहतो, दोषारोपपत्र दाखल होतं, कारणं रीतसर देऊन पुन्हा रिमांड मागायलाही मनाई नाही. फिर्यादीची तक्रार, साक्षीदार, मुद्देमाल सगळं जागेवर असतं. दोन तास आधी एक कागद देण्याने तपास बुडतो हे मला कधीच पटलेलं नाही. भरपाईबद्दल लोक म्हणतात की पैसा आपल्याच करातून जातो. जातो खरा. म्हणूनच दिल्लीत पोलिसांच्या मारहाणीत दगावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात ७५,००० रुपये देताना सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की सरकारने ही रक्कम संबंधित अधिकाऱ्यांकडून वसूल करायला हरकत नाही. ती वसूल केली का, हे विचारणं मात्र आपल्याकडे फारसं कुणी करत नाही.

एक निकाल जातीबद्दलचा

३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सुकन्या शांता या मुंबईतल्या पत्रकाराने दाखवून दिलं की अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत कामं जातीवर वाटली जात होती. झाडणं-सफाई ‘खालच्यां’कडे, स्वयंपाक ‘वरच्यां’कडे. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती कलमं रद्द केली आणि नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला. रुदल साहच्या निकालातले यशवंतराव हे त्यांचे वडील. विमुक्त जमातींवर, म्हणजे इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवर, ‘सराईत गुन्हेगार’ असा शिक्का मारण्याबद्दलही हा निकाल कडक बोलतो. ज्यांनी सोलापूरच्या सेटलमेंटच्या, म्हणजे या जमातींना कोंडून ठेवायच्या वसाहतीच्या, आठवणी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकल्या आहेत, आणि चोरी झाली की रात्री पारध्यांच्या पालावर जाणारी जीप पाहिली आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

एवढे निकाल, मग माणसं मरतात कशी?

याचं उत्तर माझ्या मते पुराव्यात आहे. बंद दाराआड घडलेल्या गोष्टीचे साक्षीदार कोण? मारणारे, त्यांचे सहकारी आणि मार खाल्लेला माणूस. डायरी त्यांच्या हातात, कॅमेरे त्यांच्या ताब्यात. प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावा आणि चित्रण जपून ठेवा, असा आदेश डिसेंबर २०२० मध्येच झाला. तरी वकिलाने चित्रण मागितलं की ‘त्या दिवशी बंद होता’ हे उत्तर आम्हाला पाठ झालं आहे.

परभणीच्या प्रकरणात शवविच्छेदनात अनेक जखमा निघाल्या, दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांना जबाबदार धरलं, तरी गुन्हा दाखल होत नव्हता. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी करावी लागते हे कायदा सांगतो, चौकशी झाल्यावर पुढचं पाऊल कुणी उचलायचं हे धड सांगत नाही. त्या विद्यार्थ्याच्या आईला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात यावं लागलं. ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवायचा आदेश झाला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, महिनाअखेरीस तिथेही आदेश कायम राहिला. नुसता गुन्हा नोंदवला जावा यासाठी सात महिने.

एकदा एका न्यायाधीशांनी मी पाहत असताना वेगळं केलं. तक्रार नाही, असं मुलगा म्हणाला. ते क्षणभर थांबले, दोन्ही पोलिसांना दाराबाहेर उभं राहायला सांगितलं, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी पेन खाली ठेवून. मुलाने काही न बोलता पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. पोटरी काळीनिळी होती. त्याच दुपारी त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं गेलं.

घरच्या कुणाला उचललं तर

ठाण्यात जा, अटकेच्या मेमोवर साक्षीदार म्हणून सही करा, पण वेळ बरोबर लिहिली आहे का ते बघूनच. अटकेच्या लेखी कारणांची प्रत मागा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर आधी हजर राहण्याची नोटीस का दिली नाही, हे विचारा. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून अशा गुन्ह्यांत अटक का गरजेची होती ते पोलिसांना लिहून दाखवावं लागतं. वकील परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची खोली असते, फोन १५१००. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला न लागता मोफत वकील मिळतो. आणि रिमांडच्या वेळी न्यायाधीशांनी तो प्रश्न विचारला, पण डॉक्टरी तपासणीचं वाक्य गाळलं, तर वकिलाला उठून ते आठवण करून द्यायला सांगा.